मगे घाई कित्याक?

लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना पुढे सरकायचंय त्यांनी खुशाल सरका. पण हे लिहिल्याशिवाय मला आज झोप लागायची नाही, आणि विषयही झोपेचाच आहे.

दुपारी पावणेतीनला डबा धुऊन जागेवर येते तोच सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो. आमचा वॉचमन. प्लास्टिकच्या खुर्चीत, मान मागे भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, टोपी मांडीवर. गाढ. खाली ओळ: 'आपण मेन्टेनन्स याचसाठी भरतो का?' आणि मग जे सुरू झालं! एक म्हणाले एजन्सीला आत्ताच मेल टाका. एक म्हणाली आमच्या मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे (त्या वेळी मुलं शाळेत असतात, पण असो). आमच्याच विंगच्या एका काकांनी तर थेट पोल टाकला: 500 रुपये दंड, हो की नाही. हे काका दर रविवारी मटण जेवून तीन तास आडवे होतात. त्यांचं घोरणं बाथरूमच्या डक्टमधून आमच्याकडे येतं. आम्ही कधी पोल टाकलाय?

आणि ज्याने फोटो काढला त्याने त्याला उठवलं नाही हो! हेच माझ्या डोक्यातून जात नाहीये. 'अहो, उठा' म्हणायला किती वेळ लागतो? नाही. फोटो काढला, पाय न वाजवता लिफ्टमध्ये गेला आणि वर जाऊन टाकला.

तो माणूस सकाळी आठला गेटवर उभा राहतो तो रात्री आठपर्यंत. 12 तास. बदली आला नाही की रात्रही त्याचीच. आणि बदली किती वेळा येत नाही ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण रात्री एक वाजता ओला-उबर आत सोडायला गेट तोच उघडतो.

मी एरवी एवढी चिडले नसते. खरं सांगते, चिडले नसते. मागच्या महिन्यात हाच फोटो आला असता तर मीही एखादा अंगठा टाकून मोकळी झाले असते. पण मी मंगळवारी पहाटे सावंतवाडीहून आलेय. तिथे सोमवारी दुपारी मी अख्खं शहर झोपलेलं बघितलं आणि कुणी कुणाचा फोटो काढत नव्हतं.

गेले होते लग्नाला. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न. नवऱ्याचं इयरएंडिंग, त्यामुळे मी आणि ऑफिसातल्या दोघी. ते गाव माझं नाही. आम्ही साताऱ्याकडचे, लालबागला वाढलेले. आमच्यासाठी कोकण म्हणजे चाळीतल्या शेजाऱ्यांचं मे महिन्यातलं वैभव. ते जायचे, आम्ही त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचो आणि जूनमध्ये बदल्यात फणस मिळायचा. एवढंच.

शुक्रवारी रात्री निघताना गेटवरच बॅगेची चेन गेली. रनर एका बाजूने निसटला आणि बॅग आ वासून उभी. दादरहून तुतारी एक्सप्रेस बारा वाजून पाच मिनिटांची. मी रडकुंडीला आलेली. तेव्हा आमच्या वॉचमननेच, होय, ह्याच, डबल ड्यूटी होती त्याची, केबिनमधून रद्दी बांधायची सुतळी आणली आणि बॅगेला दोन आडवे एक उभा असे वेढे घालून दिले. गाठ अशी मारली की एक टोक ओढलं की सुटेल. 'मॅडम, गाडी नाही चुकणार,' म्हणाला. नाही चुकली.

तर सोमवार. बाकीच्या दोघी रविवारीच परतल्या होत्या, मी एक रजा जास्तीची टाकली होती. रात्री कोकणकन्या. त्याआधी बॅग नीट करून घेऊ म्हणून बाजारात गेले. छत्र्या, बॅगा, चेन दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे काय, पेटीएवढं. मी पोचले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती आणि ते फळ्या लावत होते. शटर नाही, जुन्या पद्धतीच्या उभ्या लाकडी फळ्या. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा, एक ते नऊ. वरच्या खाचेत घालायची, खाली बसवायची, डावीकडे सरकवायची. मग पुढची. पाचवीनंतर सहावीच लागते, सातवी लावून बघायची सोयच नाही.

मी म्हटलं, 'काका, एवढी चेन करून द्या ना.'

'आता जेवान. चार वाजता येवा.' सहावी फळी.

'अहो, दोन मिनिटांचं काम आहे. मला आजच मुंबईला जायचंय.'

'गाडी कितीची?'

'रात्रीची. कोकणकन्या.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, उर्मटपणे नाही. खरोखर न समजून. 'मगे घाई कित्याक?'

मग घाई कशाला, एवढंच विचारलं आणि सातवी फळी लावली.

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पुटपुटले, 'म्हणूनच इथे काही होत नाही.' पुटपुटले म्हणजे त्यांना ऐकू जाईल एवढ्यानेच. नवव्या फळीला कुलूप लागलं, ते छत्री काखेत मारून चालायला लागले. मार्च सुरू झालेला, डोक्यावर ऊन, हातात बंद छत्री.

पुण्याच्या एक ते चारला आपण आयुष्यभर हसलो. विनोद केले, फॉरवर्ड केले. मीही केले. आपल्याला वाटतं दुकान बंद ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान. मी त्या बंद फळ्यांसमोर उन्हात उभी होते आणि मला खरंच अपमान झाल्यासारखं वाटत होतं. कशाचा अपमान? माझी गाडी रात्री होती! माझ्याकडे सात-साडेसात तास होते आणि करायला शून्य काम. तरी मला ते आत्ता हवं होतं. हा रोग आहे, आणि तो आपल्याला भांडुप ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये उभ्या उभ्या लागतो. 'कुर्ला उतरणार का? घाटकोपर उतरणार का?' आपली जागा मिळायच्या आधी दुसऱ्याची सुटायची वाट बघायची.

मग काय, मोती तलावाच्या काठावर जाऊन बसले. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: तलाव गावाच्या ऐन मधोमध आहे, एका अंगाला राजवाडा. आपल्याकडे असता तर एव्हाना भर टाकून वर टॉवर आला असता आणि त्याला 'लेक व्ह्यू' नाव पडलं असतं. दुपारी तिथे मी, एक कुत्रं आणि पाण्यावरचं ऊन. चितारआळीतली लाकडी खेळण्यांची दुकानं बंद. मेडिकल उघडं आणि एसटी स्टँडवर थोडी हालचाल. बाकी सामसूम.

शनिवारी राजवाड्यात गंजिफा बघितले होते. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. एक कलाकार एका पानावर मासा काढत होता, मत्स्यावताराचा. आम्ही सगळा दरबार हॉल बघून, फोटो काढून, वॉशरूमला जाऊन परत आलो तरी त्याचा ब्रश त्याच माशाच्या खवल्यांवर. मैत्रीण म्हणाली, 'प्रिंट का नाही काढत?' मीही हसले. सोमवारी तलावावर बसून एकदम डोक्यात आलं की 120 पानांचा डाव मांडायचा तर माणसाकडे दुपार असायला लागते. आपल्याकडे दुपार कुठाय? आपल्याकडे लंच अवर असतो, तोही चाळीस मिनिटांचा.

आणि मग मी ते केलं जे आपण सगळे करतो. घर बघायला लागले.

तलावामागच्या एका आळीत होतं. चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी, पडवीत सिमेंटचा बाक, अंगणात तुळस, मागे विहिरीचा कठडा दिसत होता. दाराला कुलूप. पाच मिनिटांत मी तिथे राहायला गेलेली. पडवीत माझी खुर्ची. नवऱ्याची न वाचलेली पुस्तकं माजघरात. सकाळी पाववाल्याचा भोंगा, मग बाजारातून बांगडे, संध्याकाळी श्रीराम वाचन मंदिरात पेपर. भांडुपचा वन बीएचके विकला तर किती, हे घर घेतलं तर किती, उरलेले बँकेत टाकले तर महिन्याला किती, हा सगळा हिशेब मी उभ्याउभ्या तोंडी केला. दहावीला गणितात 52 होते मला.

शेजारच्या पडवीत एक बाई ओले काजू सोलत बसल्या होत्या. हाताला तेल चोपडलेलं, कारण काजूचा चीक कातडी जाळतो. बी उभी चिरायची, काडीने गर अलगद बाहेर काढायचा, तुटू द्यायचा नाही. मोजून शंभराचे वाटे. मला म्हणाल्या, 'कोणाकडे इलात?'

'कोणाकडे नाही. घर बघतेय.'

'बघा. मालक मुंबैक आसत.'

आळीतल्या आणखी दोन कुलपांकडे त्यांनी सुरीनेच बोट केलं. तां पण मुंबैक. तां ठाण्याक. मग विचारलं, 'पाणी देव?' आणि मी हो म्हणायच्या आत तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा.

आता इथे एक कबूल करते. सगळं गाव झोपलं होतं असं मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. या बाई जागी होत्या. त्यांची दुपार चिकात चालली होती आणि घरातून आतून कुणाचं तरी घोरणं येत होतं. पुरुषाचं. छत्रीवाले काका जेवायला गेले म्हणजे कुणीतरी गरम भात उतरवूनच ठेवला असणार ना? तेव्हा लगेच 'काय ते निवांत आयुष्य' म्हणून उसासे टाकण्यात अर्थ नाही. बरं.

ऑफिसात मंगळवारी हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाला, 'मॅडम, घेऊन टाका. चिपी आहे, मोपा आहे, दोन-दोन एअरपोर्ट. रेट वाढणारच. नाही राहिलात तर एअरबीएनबीला द्या.' माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी त्याला पडवीचं सांगतेय, गुळाच्या खड्याचं सांगतेय, आणि हा रेट! त्या आळीत तीन कुलपं आहेत ती आधीच आपली आहेत, मुंबईची. आता त्यातल्या एकाच्या जागी मी माझं लावू? वर्षातून आठ दिवस जाऊन एसी लावू, आणि दुपारी दोनला दहा मिनिटांत दही येत नाही म्हणून गावाला शिव्या घालू? आपण जिथे जातो तिथे आपली घाई बरोबर नेतो, आणि मग तिथल्या लोकांना फळ्या काढून शटर लावायला लागतं, कारण शटर पटकन वर होतं.

पण त्याच्यावर चिडून उपयोग नाही. मीही हिशेबच करत होते. फक्त माझ्या हिशेबात पुस्तकं होती.

कमेंटमध्ये 'तिथे हॉस्पिटल नाही' लिहिणार आहात, माहितीये. मोठं काही झालं तर सिंधुदुर्गातला माणूस अजूनही गोव्यात बांबोळीला पळतो. मान्य. चार महिने पाऊस, लाइट जाते, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. मान्य. तिसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला कळतं की तुमच्याकडे मासे किती रुपयांचे आले. तेही मान्य. झालं?

चार वाजता परत गेले. चारला पाच कमी होते खरं तर, सवय जात नाही. काका आले, कुलूप काढलं, फळ्या उलट्या क्रमाने, नऊ ते एक, आणि प्रत्येक फळी बाजूला रचून ठेवली. मला स्टूल दिलं. बॅग घेतली. सुतळीचं टोक ओढलं, गाठ सुटली. गाठीकडे बघून म्हणाले, 'बांधल्यान बरी.' मग सुतळी चार बोटांभोवती गुंडाळून, मध्ये वळसा देऊन, छोटं बंडल करून माझ्या हातात दिली. 'टाकू नको. कामाक येतली.' पकडीने जुना रनर कापला, डब्यातून पाच-सहा रनर काढून एकेक लावून बघितला, चौथा बसला. टोकाला दोन टाके घातले म्हणजे परत निसटायला नको. मग चेन वीसेक वेळा उघडली-मिटली, उघडली-मिटली. माझ्या मनात मी म्हणत होते, झालं हो, द्या आता. तोंडाने नाही म्हटलं. एवढी सुधारणा तीन तासांत झाली होती.

30 रुपये घेतले.

निघताना म्हणाले, 'तुमी म्हणालात तां खरां आसा. हंयसर काय्येक होणा नाय.' मला वाटलं जमीन दुभंगावी. मी काहीतरी सारवासारव करायला गेले तर म्हणाले, 'झिल नालासोपाऱ्याक रवता. सकाळची साडेपाचची गाडी पकडता.' एवढंच. टोमणा नव्हता तो. पण कोकणकन्येत रात्रभर वरच्या बर्थवर मी त्याचाच विचार करत होते. बाप एक वाजता फळ्या लावू शकतो आणि मुलगा साडेपाचच्या विरारमध्ये लटकतो. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध लावायचा ते मला कळत नाही. कदाचित मुलाच्या मनीऑर्डरीवर बापाची दुपार उभी असेल. मनीऑर्डर आता कुठे असते म्हणा. जीपे.

मघाशी भांडायच्या मूडमध्ये होते. टाइप करता करता आता बाबा आठवायला लागलेत.

बाबा गिरणीत होते. रातपाळी आली की सकाळी घरी यायचे आणि दिवसभर झोपायचे. दहा बाय बाराची खोली, त्यात आई, आम्ही तिघं आणि झोपलेले बाबा. मला आठवतं, त्या आठवड्यात सगळी चाळ आवाज खाली करायची. समोरची मावशी रेडिओ बंद ठेवायची. गॅलरीत कुणी पोरगं धावलं की कुठल्या तरी खोलीतून दबका आवाज यायचा, 'ए, रातपाळीवाला झोपलाय!' कुणाचा बाप, कुठली गिरणी, विचारायची गरज नव्हती. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी रातपाळीवाला झोपलेला असायचाच. म्हणजे मुंबईला हे येत नव्हतं असं नाही. भर लालबागमध्ये, एका नळावर वीस घरं असताना, येत होतं.

1982च्या संपानंतर बाबा वरळीच्या एका बिल्डिंगमध्ये रात्रीचे वॉचमन झाले. सतरा वर्षं केलं. तिथे कधी त्यांचा डोळा लागला असेल का, कुणी काही बोललं असेल का, मी कधी विचारलं नाही. तेव्हा फोटो काढायची सोय नव्हती एवढं बरं.

संध्याकाळी मी पावणेआठला घरी आले. गेटवर वॉचमन उभा. खुर्ची नव्हतीच. कमिटीने काढून केबिनमध्ये कुलूपबंद केली म्हणे. मला बघून तो जरा जास्तच ताठ झाला. मला खूप काही बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं, 'जेवलात का?' पावणेआठला! तो म्हणाला, 'नाही मॅडम, आज डबल आहे.' मग विचारलं, 'बॅगची चेन झाली का?'

झाली म्हटलं. सुतळी पर्समध्ये होती, दोन दिवस तशीच फिरतेय माझ्याबरोबर. द्यायला काढली तर म्हणाला, राहू द्या, कामाला येईल.

वर आले आणि ग्रुपवर लिहिलं, 'मगे घाई कित्याक?' कुणाला कळलं नाही. पोलवाल्या काकांनी विचारलं, 'म्हणजे हो का नाही?' मग मी 'नाही' दाबलं आणि दुपारच्या वेळी वॉचमनला तासभर सुट्टी द्या, त्या वेळात आपल्यापैकी एकेक जण खाली बसू, रविवारपासून मी बसते, असं लिहिलं. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही. निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या आल्यात.

आत्ता रात्रीचे सव्वाअकरा. पोल: हो 38, नाही 2. एक मी. दुसरं मत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांनी बहुतेक चुकून दाबलंय. मी विचारणार नाहीये.